हौशा-पाखऱ्याचं आवतण

जन्मात कधी नांगर न धरलेल्या माणसाचा नांगर धरलेला पुतळा भर चौकात उभा करावा, हे आमच्या वारज्यालाच सुचू शकतं. तो माणूस मी, सर्जेराव. आडनाव सांगत नाही. आमच्या आडनावाचे फ्लेक्स वारज्यात पुष्कळ लागलेले आहेत आणि त्यातले निम्मे माझेच आहेत.

गाव पुणे शहरात गेलं त्या सुमाराला चौक सुशोभित करायची टूम निघाली. बैलजोडी, नांगर आणि मागे शेतकरी, असं फायबरचं शिल्प ठरलं. बैल आमचे घेतले, हौशा आणि पाखऱ्या, कारण तशी जोडी आजूबाजूच्या गावांत नव्हती. शेतकरी म्हणून मला घेतलं, कारण मी रिकामा होतो. आमच्याकडे नांगर वडील धरायचे. मी बांधावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जागेचा भाव सांगायचो. शिल्पकाराच्या अंगणात मला चुलत्याचं धोतर नेसवून उभं केलं. धोतराची सवय नव्हती. ते सुटेल या धास्तीने मी एक हात नांगराला लावला आणि दुसऱ्याने कंबर घट्ट धरून ठेवली. शिल्पात तो हात तसाच आला आहे. लोकांना वाटतं, काय शेतकऱ्याचा रुबाब! रुबाब कसला, धोतराची भीती आहे ती.

पुढे खरे हौशा-पाखऱ्या म्हातारे होऊन आमच्याच गोठ्यात गेले. वडीलही गेले. गोठ्याच्या जागी बिल्डिंग झाली आणि आम्ही गुंठामंत्री झालो. पण माझी आई, सरुबाई, काही बदलली नाही. भाद्रपदातल्या अमावास्येला पोळा आला की ती फायबरच्या हौशा-पाखऱ्याकडे चौकात जायची. आदल्या संध्याकाळी खांदेमळण. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो, म्हणून त्याला गरम पाण्याने शेकून तूप-हळद चोळायची, आणि कानात आवतण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. दोन्ही बाजूंनी पीएमटी जायची, रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, पण आईचा सण शांतपणे चालायचा.

एकच गोष्ट तिला खुपायची. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आणि हे जू तर कधीच निघत नव्हतं. ती जुवाच्या कडेकडेने बोटं घालून लागेल तेवढं तूप लावायची आणि म्हणायची, "आजच्या दिशी तरी काडायचं रं."

"आई, आगं एकसंध हाय ते, फायबर हाय," मी मोबाइलमधून मान वर न करता सांगायचो.

या वर्षी उड्डाणपुलाचा खांब नेमका त्या चौकात आला. पावसाळ्याच्या तोंडावर शिल्प उचललं गेलं आणि तिथे पत्रे लागले. आई पत्र्यांपुढे उभी राहिली. चार लोक जमले. चार लोक जमले की माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नसतो. मी म्हणालो, "पोळ्याच्या आत बैल सापडले नाहीत तर नावाचा सर्जेराव नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी फ्लेक्स लावला: 'हौशा-पाखऱ्याला परत आणणारच!' त्यावर माझा फोटो एवढा मोठा आला की बैलांना खाली कोपऱ्यात उभं राहावं लागलं.

त्यानंतर मी काय केलं? ठेकेदाराचा माणूस होता संपत, त्याला फोन केले. तो म्हणायचा, "साहेब, बघतो." मी म्हणायचो, "बघ." असं बघता बघता पोळा आला.

आदल्या संध्याकाळी मी टपरीवर उभा होतो. आई एकटीच काठी टेकत चौकात आली, पत्र्याच्या फटीतून आत वाकली आणि त्या सिमेंटच्या खांबाला म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कुटं आसाल तितनं या." मी टपरीच्या मागे सरकलो. मला लाज वाटली, आणि ती लोकांची नव्हती.

सकाळी घरात पुरणाचा वास सुटला होता. आईने डबा भरला, तुपाची वाटी झाकली, हळदीची पुडी बांधली आणि खुर्चीत बसून राहिली. चहा नाही, पाणी नाही. तिच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत. ऐंशी पार केलेली बाई.

"आई, दोन घास खा, गोळ्या घे."

"पावण्यांला आवतण दिलंय. पावणं उपाशी आन् म्या जेवू व्हय?"

"बाजारात मातीचे बैल मिळतात. आणू?"

"आवतण हौशा-पाखऱ्याला दिलंय. ताट दुसऱ्याफुडं मांडू?"

"मग वाघोलीला हिंदुरावच्या गोठ्यात खरी जोडी आहे, शर्यतीची. तिथे—"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा फ्लेक्स आठवला. त्यावर 'शब्दाचा पक्का' असंही छापलेलं आहे.

तेवढ्यात माझी मुलगी शकू आतून आली. ती आर्किटेक्चर शिकते. नाव पणजीचं ठेवलंय म्हणून आमच्यावर तिचा कायमचा राग आहे. ती म्हणाली, "पप्पा, माझं प्रोजेक्टच सिटीतल्या पब्लिक आर्टवर आहे. मी ड्राइव्ह करते. आज्जीला घ्या. शोधूया."

मी लगेच आवाज चढवून म्हणालो, "हेच मी म्हणणार होतो." कडक स्टार्चचा पांढरा शर्ट चढवला आणि गाडीत पुढे बसलो. संपतला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, बैल बागेत ठेवलाय, नदीकडच्या. शंभर टक्के."

बागेत बैल होता. चकचकीत स्टीलच्या पट्ट्या, साखळ्या आणि सायकलच्या चेनी जोडून केलेला, शेपूट वर, शिंगं रोखलेली. खाली पाटी होती: 'ऊर्जा'. एक जोडपं त्याच्या शिंगांमध्ये डोकं घालून सेल्फी काढत होतं.

आईने त्याला एक फेरी मारली. "ह्याच्या फासळ्या मोजून घ्या. उपाशी मारला का काय?"

"आई, हे मॉडर्न असतं," मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नाही, पण शेजारी जोडपं होतं. "यातून कलाकाराला, म्हणजे, शेतीचं आणि यंत्राचं जे नातं—"

"पप्पा, तो शेअर मार्केटचा बैल आहे," शकू म्हणाली.

"व्हय, वशिंड न्हाई ह्याला," आई म्हणाली. "जू ठिवायचं कुटं? परदेशी दिसतोय." मग तिला दया आली असावी. तिने त्याच्या स्टीलच्या नाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझं कोन आसंल ते येईल बाबा डबा घिऊन. आमचं दुसरं हायेत."

जोडप्याने मला विचारलं, "काका, हा कशाचा शो आहे?" मी शर्टाची कॉलर नीट करून गाडीकडे निघालो.

गाडीतून जाताना शकू आम्हाला शहर दाखवत होती. हा बंगला बघा, गोल बाल्कनी, बोटीसारखी. ही इमारत बघा, काळा घडीव दगड, चुन्याशिवाय बसवलाय. मी सत्तावन्न वर्षं पुण्याच्या उशाशी राहतोय. या रस्त्यांवरून मी हजारदा गेलोय, दरवेळी पार्किंग शोधत. आई काचेला नाक लावून बघत होती. प्रत्येक चौकातल्या अश्वारूढ पुतळ्याला ती हात जोडायची. शेवटी म्हणाली, "घोडी लई हायेत तुमच्या पुण्यात. ह्या समद्यांला चंदी कोन घालत हुतं? बैलानंच पिकीवली आसंल की."

शकूने गाडी चालवता चालवता 'वाव, आज्जी' म्हटलं आणि लाल सिग्नल तोडला. पुढच्याच चौकात आम्ही पोलिसासमोर उभे होतो. मी उतरून ओळख सांगायला गेलो. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती फाडली.

तेवढ्यात संपतचा फोन. "साहेब, बाग नव्हे. बैल दुरुस्तीला गेलेत. ठेकेदाराने एकाला दिले, त्याने दुसऱ्याला. पण त्यांच्या गळ्यातल्या घंटा नारायण पेठेत आहेत म्हणे. तिथं घंटांचं म्यूझियम आहे."

घंटा खऱ्या होत्या. आईनेच गोठ्यातून काढून फायबरच्या गळ्यात बांधल्या होत्या. आई सरळ होऊन बसली.

नारायण पेठेत गाडी लावायला जागा मिळणं आणि बैल मिळणं यात मला बैल सोपे वाटले. शेवटी एका बोळाच्या तोंडाशी उतरलो आणि चालत निघालो. शकू एका जुन्या घरासमोर थांबली. बाल्कनीखाली चुन्यात घडवलेल्या प्राण्यांची ओळ होती. "आज्जी, ते बघ, बैल!"

आम्ही तिघं माना वर करून बघू लागलो. माझ्या मते ते बैल होते. आईच्या मते शिंगं मोडलेली हरणं. मी मोठमोठ्याने मुद्दा मांडत असताना वरच्या खिडकीतून एक बाई डोकावल्या.

"काय पाहिजे?"

"काही नाही, बैल बघतोय," मी म्हणालो.

"बाहेर काय बघताय? आत आहेत. पेपर वाचतायत."

आतून एका पुरुषाचं खोकणं ऐकू आलं. आई एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. उपाशीपोटी तिला असं हसताना बघून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण हसून झाल्यावरही तिने भिंत सोडली नाही.

"आई, निदान गोळी घे."

"आदी पावणं."

संग्रहालय एका इमारतीत तळमजल्यावर, मागच्या अंगाला होतं. दारावर पाटी होती: 'घंटा संग्रहालय. घंटा वाजवू नये (दाराचीही). टकटक करावी. एकदाच.' मी एकदा टकटक केली. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा करणार एवढ्यात दार उघडलं आणि एक सडपातळ गृहस्थ म्हणाले, "एकदा ऐकू आलं होतं. चालत यायला वेळ लागतो." हे संग्रहालयाचे मालक, बाळ मेहेंदळे. वय आईएवढंच असावं, पण पाटीवरही 'बाळ' असंच लिहिलेलं होतं.

"आपण बघायला आलात की विचारायला?"

"आपणांस एक पृच्छा करावयाची होती," मी म्हणालो. पेठेत शिरलं की माझी भाषा अशी का होते, कळत नाही.

"म्हणजे विचारायला. आधी बघा. फुकट विचारणारे फार येतात."

बघण्यासारखं खूप होतं. देवळाच्या, शाळेच्या, टांग्याच्या, आगीच्या बंबाच्या, हत्तीच्या. एका मोठ्या पितळी नंदीच्या गळ्यातही घंटा होती. शकू माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, वर्स्ट केस, नंदी चालेल का आज्जीला?" आईने ते ऐकलं. "ह्यो द्येवाचा. बसून ऱ्हातो. ह्यानं कदी वखर वढलाय?" मेहेंदळे पहिल्यांदाच आईकडे नीट बघायला लागले.

शेवटच्या टेबलावर दोन घंटा पडल्या होत्या. आईने विचारलं, "ह्या वाजवू?"

"पाटी वाचली नाहीत?"

"मला वाचता येत न्हाई."

मेहेंदळ्यांनी दोन्ही घंटा तिच्यापुढे सरकवल्या. मग म्हणाले, "तुम्ही वाजवा."

आईने पहिली उचलली. छान खणखणीत आवाज आला. दुसरी उचलली. चमच्याने पातेलं खरवडावं तसा आवाज आला. "हीच," आई म्हणाली. "ही पाखऱ्याची."

"ही?" मेहेंदळे पुढे झाले. "आत टोला देणारी लोळी नाही. कुणा महाभागाने ट्रॅक्टरचा नट तारेने बांधून लटकवलाय. शंभर वर्षांपूर्वीची ओतीव घंटा, आणि आत नट! ज्याने हे केलं त्याला मी शोधतोय. 'असे करू नये' म्हणून एक कपाट करणार आहे, त्यात वर त्याचं नाव लावायचंय."

शकू माझ्याकडे बघत होती. आई माझ्याकडे बघत होती. नंदी सोडला तर सगळेच माझ्याकडे बघत होते.

"सर्जेराव," मी म्हणालो. "वारजे."

"काय?"

"नाव लावायचंय ना. तार मीच बांधली. लोळी पडली होती, पोळा तोंडावर होता आणि डिकीत नट होता."

मेहेंदळ्यांनी चष्मा काढून पुसला. "कबूल करणारा पहिलाच भेटला. बाकीचे 'आमच्या आजोबांनी केलं' म्हणतात." मग ते आईकडे वळले. "बाई, नवी लोळी करून ठेवली आहे मी, फक्त तार ओवून बसवायची राहिलीय. बसा." त्यांनी तिला खुर्ची दिली, जिच्यावर 'बसू नये' असं लिहिलेलं होतं, आणि स्वतः टेबलाशी वाकून पाखऱ्याची घंटा पुरी केली. आता ती वाजली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले.

"या घंटा अय्युबभाईंनी आणून दिल्या. वाघोलीला त्यांचा फायबरचा कारखाना आहे. मोठा मूर्तिकार माणूस. बैल तिकडेच असणार. घेऊन जा, मी फोन करून सांगतो. तुमचा नट मात्र मी ठेवून घेतो."

वाघोली! सकाळी मी आईला तिथेच नेणार होतो. नगर रस्त्यावरच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी सरकत होती. मी मागे वळून वळून बघायचो. आई घंटा मांडीवर घेऊन बसली होती, डोळे मिटून, ओठ कोरडे. एकदा मला वाटलं ती झोपली, आणि एकदा मला दुसरंच काही वाटलं आणि मी घाबरून तिचा गुडघा हलवला. "जागी हाय," ती म्हणाली. "सूर्व्य किती ऱ्हायलाय त्ये सांग." सूर्य बिल्डिंगांच्या मागे गेलेला होता. त्यातल्या दोन बिल्डिंगांच्या जागा मीच बिल्डरला मिळवून दिल्या होत्या. मी म्हणालो, "आहे अजून, पुष्कळ आहे." मला रडू येत होतं, पण शेजारी शकू होती आणि मी फ्लेक्सवरचा माणूस आहे.

अय्युबभाई फाटकातच उभे होते. साठीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस, हाताला फायबरची पूड लागलेली. "या, या. मेहेंदळ्यांचा फोन आला होता. आजी, सावकाश. अख्तरबानू, खुर्ची आण गं." अंगणात गणपतीच्या सजावटीतून परत आलेले हत्ती होते, एक सिंहासन होतं, अर्धा मोर होता. त्यांच्या पलीकडे, शेडखाली, हौशा आणि पाखऱ्या.

मी त्यांना ओळखलं नाही, आधीच सांगतो. रंग खरवडून काढला होता. दोघंही पांढरेफटक होते, ठिकठिकाणी भेगांत लुकण भरलेलं. आणि जू नव्हतं. ते बाजूला भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

आई मधेच थांबली. "जू काडलंय?"

अय्युबभाई ओशाळले. "नाइलाज झाला, आजी. आतली सळई गंजली होती, कापून काढावं लागलं. आपण काळजी करू नका. आठवड्यात परत असं बसवून देतो की जोडही दिसणार नाही."

आई काठी सोडून चालत गेली, काठीशिवाय, आणि हौशाच्या खांद्यावर हात ठेवला. जिथे जू होतं ती जागा. इतक्या वर्षांत तिथे तिचा हात कधी पोचला नव्हता. तिने पूर्ण तळवा टेकवला आणि तशीच उभी राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "माय, जरा गरम पानी द्येशील?"

अय्युबभाईंच्या पत्नी अख्तरबानूंनी पातेलंभर पाणी आणलं. काल राहिलेली खांदेमळण आईने तिथे केली. पाण्याने शेकलं, तूप-हळद घेतली आणि दोन्ही हातांनी, कोपरापासून जोर लावून खांदे चोळले. बोटं कडेकडेने घालावी लागत नव्हती. शकूने शूटिंगसाठी मोबाइल काढला होता, तो तिने आपणच खाली ठेवला. घंटा गळ्यात बांधल्या. मग डबा उघडून आईने एकेक पोळी दोघांच्या तोंडाला लावली आणि म्हणाली, "उशीर झाला बाबांनो. पन तुमी काय लवकर सापडला न्हाई."

त्यानंतर तिने अख्तरबानूंच्या हातावर पोळी ठेवली, अय्युबभाईंच्या हातावर ठेवली, आणि स्वतः खुर्चीत बसून पहिला घास खाल्ला. मी गोळ्या पुढे केल्या. तिने मुकाट्याने घेतल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. धोंडा उतरला की माझं तोंड सुटतं. मी लगेच अय्युबभाईंना सांगायला लागलो की शिल्प चौकात बसवायचा कार्यक्रम कसा मोठा करू, मंडप, हलगी, सत्कार, शाल, नारळ.

"ह्ये कोन?" आई मधेच म्हणाली.

दोन हत्तींच्या मधे शेतकरी उताणा पडला होता. एक हात कमरेवर. नाकावर कुणीतरी टोपी वाळत घातली होती.

"आई, मी हाय त्यो."

"व्हय का?" तिने जरा वेळ निरखून पाहिलं. तीस वर्षांचा मी, बारीक, कमरेला हात लावून आभाळाकडे बघणारा. मग ती अय्युबभाईंना म्हणाली, "बाबा, जू बैलावर परत नका चडवू. ह्याच्या खांद्यावर द्या."

"आजी?"

"नांगर सुटला की जू मानसानंच खांद्यावर आनायचं आसतंय. बैल म्होरं मोकळं चालत्यात, मानूस मागनं. ह्याचा बाप रोज तसाच यायचा. ह्यो आपला नुस्ता उबा हाय कमरंवर हात ठिवून."

मी खाकरलो. "आई, असं करता येत न्हाई. मंजूर शिल्प असतं. आराखडा असतो. परवानगी लागती, चार टेबलं फिरायला लागत्यात—"

"फीर की मग. तुज्या वळकी हायेत न्हवं?"

"पप्पा, शब्दाचा पक्का," शकू म्हणाली.

अय्युबभाई हसले नाहीत. ते जू आणि पुतळा यांच्याकडे आळीपाळीने बघत होते, कारागीर बघतो तसे. "परवानगी आणा, मी करून देतो. चांगलं दिसेल. फक्त खांद्याचं माप हवं, आणि हा तर झोपलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, आपण जरा उभे राहता?"

म्हणजे पुन्हा एकदा मी अंगणात उभा राहिलो. या वेळी धोतर नव्हतं, पट्टा होता, आणि पट्ट्यावर पोट होतं. अय्युबभाईंनी जू उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं. आतून पोकळ, हलकं. तरी मी वाकलो. सवयच नव्हती. अख्तरबानू तोंडाला पदर लावून आत गेल्या.

"सरळ उभे राहा, साहेब. हां. आता हलू नका."

आई खुर्चीतून उठून आली. तिच्या तळव्यावर तूप-हळद उरली होती. मला वाटलं ती हात धुवायला निघालीय. ती माझ्यासमोर थांबली, जू एका हाताने जरा वर उचललं आणि दुसरा हात माझ्या कडक पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर ठेवून चोळायला लागली. कोपरापासून, जोर लावून, हौशाला चोळलं तसंच.

"आई, आगं शर्ट!"

"ऱ्हाऊ दे. पैल्यांदाच घेतोयस. सोलंल खांदा."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. म्हणजे एक होता. तो कधीचा कमरेवर गेला होता. मी तो खाली घेतला आणि जू दोन्ही हातांनी धरलं.